काचेतल्या समुद्राचा चुना

रीफ टँक सांभाळणाऱ्या माणसाच्या वहीत दोन आकडे पानोपानी भेटतात: कॅल्शियम आणि अल्कलिनिटी. नुसते मासे पाळणाऱ्याला त्यांची फारशी फिकीर करावी लागत नाही. पण काचेच्या पेटीत दगडी सांगाडा घडवणारा जिवंत प्रवाळ आला, की कॅल्शियम लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी 7 ते 11 जर्मन डिग्री यांच्या दरम्यान राखावीच लागते. त्यासाठी टँकखालच्या कपाटात जमणारी सामग्री पाहण्यासारखी असते. चुन्याच्या निवळीची बरणी, खाण्याच्या सोड्याचे द्रावण, कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण, प्रवाळाच्या तुकड्यांनी भरलेले आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला जोडलेले नळकांडे, ठरलेल्या वेळी ठरलेले मिलिलिटर सोडणारे पंप, रंग बदलणाऱ्या रसायनांच्या कुप्या.

यातली बहुतेक सामग्री मुळात प्रवाळांसाठी जन्मलेली नाही. एक मूतखड्यावरच्या औषधांच्या शोधातून आली, एक साबणाच्या फेसातून, एक कापडाच्या रंगकामातून, एक बर्फाळ रस्त्यांवरून. या सगळ्यांच्या वाटा एका पेटीपाशी कशा मिळाल्या, याचा हा मागोवा.

प्रवाळ घेतो काय?

प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, अरागोनाइट या स्फटिकरूपातला. चुनखडी, शंख-शिंपले, अंड्याचे कवच हे सगळे त्याच पदार्थाचे. हा पदार्थ घडवायला दोन घटक लागतात. कॅल्शियम समुद्रात भरपूर आहे, लिटरला 400 मिलिग्रॅमहून थोडे अधिक. दुसरा घटक कार्बोनेट. तो समुद्रात मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात असतो आणि त्याचा साठा त्या मानाने फार लहान आहे. अल्कलिनिटी म्हणजे पाणी किती आम्ल पचवू शकते याचे माप. समुद्राच्या पाण्यात हे पचवण्याचे काम बहुतांशी बायकार्बोनेट आणि कार्बोनेटच करतात, म्हणून अल्कलिनिटीचा आकडा पाहिला की प्रवाळाच्या दुसऱ्या घटकाचा साठा कळतो.

प्रवाळ हे दोन घटक जोडीनेच उचलतो, आणि जोडीचे प्रमाण रसायनशास्त्राने पक्के केलेले आहे. अल्कलिनिटी 2.8 डिग्रीने उतरली की कॅल्शियम सुमारे 20 मिलिग्रॅमने उतरते. समुद्राची अल्कलिनिटी साधारण 6.5 ते 7 डिग्री असते. म्हणजे बंद पेटीतल्या प्रवाळांनी ती सगळीच्या सगळी संपवली, तरी कॅल्शियम 50 मिलिग्रॅमच्या आसपासच घटेल. 420 चे 370 होईल, आणि तोवर पाण्यात सांगाडा घडवण्याजोगे काही उरलेले नसेल. अडचण नेहमी अल्कलिनिटीपासून सुरू होते. ही साधी बेरीज-वजाबाकी हौशी लोकांच्या अंगवळणी पडायला पहिल्या पेटीपासून जवळजवळ दीडशे वर्षे गेली.

टॉर्कीहून लंडनला

1846 साली ॲना थिन ही इंग्रज बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावर होती. तिचा नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत वरच्या हुद्द्यावरचा धर्मोपदेशक. किनाऱ्यावरच्या खडकांत तिला थंड पाण्यातले एकेकटे वाढणारे दगडी प्रवाळ सापडले. दगडी भांड्यात समुद्राचे पाणी घालून तिने ते लंडनला आणले. समुद्रापासून दूर असलेल्या शहरात पाणी वारंवार बदलणे शक्य नव्हते, म्हणून ते ताजे राहावे यासाठी तिची दासी रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. 1847 मध्ये थिनने पाण्यात समुद्री शेवाळ सोडले, आणि प्राणवायूची भिस्त वनस्पतींवर आली. तिचे प्रवाळ तीनेक वर्षे जगले, त्यांची पैदास झाली. घरात टिकलेल्या समुद्री टँकच्या इतिहासातले हे पहिले पान, आणि ते माशांचे नाही, प्रवाळांचे आहे.

थिनला चुन्याची अडचण जाणवली नाही, याचे कारण उघड आहे. मोजके, सावकाश वाढणारे, थंड पाण्यातले जीव. त्यांना लागणारा चुना इतका थोडा, की समुद्राच्या पाण्यातला साठा पुरून उरला.

अडचणीची पहिली ठिणगी 1854 मध्ये पडली. फिलिप हेन्री गॉस हा निसर्गअभ्यासक त्या वर्षी समुद्री टँकवरच्या आपल्या पुस्तकाने इंग्लंडभर गाजला. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्याने समुद्राचे पाणी घरी बनवण्याची कृती दिली. ब्रायटनजवळच्या समुद्राच्या पाण्याचे पृथक्करण त्याच्यासमोर होते. त्यातून त्याने खाण्याचे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एवढेच घेतले. चुन्याचे क्षार गाळले. एक तर त्यांचे प्रमाण त्याला नगण्य वाटले. शिवाय तळाशी टाकलेल्या शिंपल्यांच्या, प्रवाळांच्या आणि चुनेदार शेवाळांच्या तुकड्यांतून पाण्याला तेवढा चुना मिळेलच, असा त्याचा तर्क होता.

तर्क सहज पटण्याजोगा आहे, म्हणूनच तो फार जगला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत समुद्री टँकच्या तळाशी प्रवाळाचा चुरा पसरण्याचा सल्ला याच विश्वासाने दिला जाई. पण उष्ण कटिबंधातल्या वरच्या पाण्यात अरागोनाइटचे घटक संपृक्ततेच्या तीन ते चार पट आधीच असतात. अशा पाण्यात शिंपला विरघळण्याचे कारणच नाही. गॉसचा शिंपला तळाशी नुसता पडून राहणार होता. त्याला विरघळायला लावणारी युक्ती सापडेपर्यंत आणखी 140 वर्षे जायची होती.

समुद्र एकसारखा का?

दरम्यान समुद्राचे पाणी मोजण्याचे मोठे काम झाले. 1872 ते 1876 या काळात चॅलेंजर हे ब्रिटिश जहाज जगाच्या महासागरांतून फिरले. त्याने आणलेल्या पाण्याच्या 77 नमुन्यांचे पृथक्करण ग्लासगोचा रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार याने केले आणि 1884 मध्ये अहवाल दिला. खारटपणा कुठे कमी, कुठे जास्त. पण मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळपास सर्वत्र एकच. आजच्या कृत्रिम समुद्रमिठाच्या प्रत्येक पिशवीमागे हे निरीक्षण उभे आहे. डिटमारच्या आकड्यांत किंचित हललेले दिसले ते कॅल्शियम: खोल पाण्यात थोडे अधिक. वरच्या थरांतले जीव ते सांगाड्यांसाठी काढून घेतात, मेल्यावर ते सांगाडे खाली जातात आणि खोलात त्यातले काही विरघळतात, हे कारण आज आपल्याला माहीत आहे.

समुद्र स्थिर दिसतो, पण ते स्थैर्य म्हणजे अखंड चाललेला जमाखर्च आहे. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते किंचित आम्ल पाणी खडक झिजवते, आणि नद्या कॅल्शियम व बायकार्बोनेट समुद्रात आणून टाकतात. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्टही या कामात आहे. गोदावरी, कृष्णा, तापी, नर्मदा दख्खनच्या पठारावरून हेच दोन पदार्थ घेऊन उतरतात. समुद्रातले जीव ते खर्च करतात. कॅल्शियमचा एक अणू समुद्रात सरासरी सुमारे दहा लाख वर्षे राहतो. एवढ्या अफाट साठ्यात आजची जमा आणि आजचा खर्च डोळ्यांना दिसत नाही. काचेच्या पेटीत नदी येत नाही आणि साठा चिमूटभर. तिथे खर्च आठवड्याभरात दिसतो.

पण तो दिसण्यासाठी आधी प्रवाळ जोमाने वाढायला हवे होते, आणि पुढची शंभर वर्षे ते घडले नाही. सार्वजनिक मत्स्यालये उभी राहिली. मुंबईत 1951 मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, समोरच समुद्र घेऊन. अशा मत्स्यालयांची शान मासे, कासवे, समुद्रफुले यांच्यात होती. उष्ण समुद्रातला दगडी प्रवाळ पेटीत आला की काही आठवड्यांत मरे, आणि मेलेल्या प्रवाळाला चुना लागत नाही.

1961 मध्ये अमेरिकेतल्या एका मत्स्यहौशी मासिकात जाकार्ताच्या ली चिन एंग यांचा लेख आला. त्यांच्या पेटीत समुद्राचे ताजे पाणी होते, समुद्रातून जिवाणू-शेवाळांसकट उचललेले जिवंत दगड होते, हवेचे बारीक बुडबुडे आणि भरपूर ऊन होते, आणि प्रवाळ जगत होते. समुद्र हाताशी असल्याने चुन्याचा हिशेब त्यांनाही करावा लागला नाही. पण ऊन आणि जिवंत दगड यांचे महत्त्व त्यांनी दाखवून दिले.

उन्हाचे कारण त्याच सुमारास प्रयोगशाळेत उलगडत होते. जमैकात थॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून प्रवाळ किती वेगाने सांगाडा घडवतो ते मोजले. 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामातून स्पष्ट झाले, की प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले आणि प्रकाश असेल तेव्हा हा वेग बराच वाढतो. हौशी लोकांसाठी याचा अर्थ पुढे असा निघाला: दिवे प्रखर केले की प्रवाळ जगेल, आणि जगला की चुना मागेल.

निवळीची वाट

आता चुन्याकडे. शाळेत विज्ञानाच्या तासाला नळीने फुंकर घालून दुधाळ केलेली चुन्याची निवळी आठवत नाही असा मराठी माणूस विरळा. त्या प्रयोगाचा मूळपुरुष एडिनबरोचा जोसेफ ब्लॅक. अठराव्या शतकात मूतखड्यावर चुन्याचे पाणी औषध म्हणून दिले जाई आणि ते कोणत्या चुन्याचे असावे यावर तिथल्या वैद्यांत वाद होता. तरुण ब्लॅकने त्या वादातून आपले संशोधन सुरू केले. 1756 मध्ये छापलेल्या निबंधात त्याने दाखवले, की चुनखडी भाजली की तिच्यातून एक वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो विझवून केलेल्या निवळीला तोच वायू परत मिळाला की पुन्हा चुनखडी तयार होते. त्या वायूला आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो.

1841 मध्ये ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क या प्राध्यापकाने हीच निवळी उलट्या कामाला लावली. जड पाण्यात, म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही अशा पाण्यात, कॅल्शियम बायकार्बोनेट असते. त्यात चुन्याची निवळी घातली की ते कार्बोनेट होऊन खाली बसते आणि पाणी हलके होते. चुन्याने चुना काढण्याची ही रीत शहरांच्या पाणीपुरवठ्यात रुजली. क्लार्कने पाण्याचा जडपणा साबणाने मोजून डिग्रीत सांगण्याची पद्धतही घालून दिली. जर्मनीने आपली डिग्री वेगळी ठरवली: लिटरमागे 10 मिलिग्रॅम चुनकळीएवढा जडपणा म्हणजे एक डिग्री. धुण्याच्या आणि बॉयलरच्या पाण्यासाठी जन्मलेली ही डिग्री आज मुंबईपासून टोकियोपर्यंत रीफ टँकवाल्यांच्या बोलण्यात अल्कलिनिटीचे माप होऊन ‘केएच’ म्हणून नांदते, कारण टँकची ही विद्या जर्मन घरांत पिकली.

ती पिकवणाऱ्यांत पीटर विल्केन्स अग्रणी. उष्ण समुद्रातल्या अपृष्ठवंशी जीवांवरचे त्यांचे जर्मन पुस्तक 1973 चे, आणि हौशी टँकमध्ये चुन्याची निवळी रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांची रीत फार थोड्या शब्दांत सांगता येते. टँकमधून रोज पाणी वाफेने उडते. ते भरून काढायला साध्या गोड्या पाण्याऐवजी चुन्याची निवळी द्यायची.

तिच्यातले रसायन मोठे नेटके आहे. निवळीत कॅल्शियम आणि हायड्रॉक्साइड असते. टँकच्या पाण्यात माशांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातून आलेला कार्बन डायऑक्साइड असतोच. हायड्रॉक्साइड तो पकडून बायकार्बोनेट करते. म्हणजे प्रवाळाला हवे ते दोन्ही घटक, बरोबर हव्या त्या प्रमाणात, आणि मागे काही न उरता. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो. म्हणून निवळी रात्री थेंबथेंब सोडण्याचा प्रघात पडला. निवळीचा स्वतःचा पीएच 12 हून अधिक. एकदम ओतली तर टँकचा पीएच उसळतो, पाणी दुधाळ होते आणि द्यायला निघालेला चुना साका होऊन तळाशी बसतो, वर पाण्यातला आधीचा साठाही घेऊन जातो. हा साका आवरून धरणारा तिसरा घटक मॅग्नेशियम. समुद्रात ते लिटरला 1,300 मिलिग्रॅमच्या आसपास असते. वाढू पाहणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांवर ते चिकटते आणि त्यांची वाढ खोळंबवते. ते कमी पडले की कॅल्शियम आणि अल्कलिनिटी काही केल्या वर राहत नाहीत.

ऐंशीच्या दशकात बर्लिनच्या हौशी मंडळींनी याला जोड दिली: जिवंत दगड, सेंद्रिय मळ फेसातून काढणारा प्रोटीन स्किमर, प्रखर मेटल हॅलाइड दिवे आणि चुन्याची निवळी. यालाच पुढे बर्लिन पद्धत म्हणू लागले. डीट्रिश श्ट्यूबर हे त्यातले ठळक नाव. त्यांच्या टँकमध्ये वाढलेल्या एका फांदेदार प्रवाळाचे तुकडे या टँकमधून त्या टँकमध्ये, मग देशोदेशी गेले. समुद्रातून न तोडता घरात वाढवलेला प्रवाळ वाटता येतो, हे त्या तुकड्यांनी दाखवले. निवळीच्या बरणीचे खरे मोल इथे आहे असे मला वाटते.

अमेरिकेत वाट जरा वेगळी गेली. 1986 मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी तिथे डच धाटणीचे छोटे रीफ टँक आणि ठिबकत्या पाण्याचे फिल्टर लोकप्रिय केले. या फिल्टरांत जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात आणि त्या क्रियेत आम्ल तयार होऊन अल्कलिनिटी खर्ची पडते. लोक ती भरायला सोडा घालत, पण कॅल्शियमकडे लक्ष नसे. कॅल्शियम घातले की अल्कलिनिटी कोसळे. जोडीने जाणारी गोष्ट जोडीने परत द्यायची हे सूत्र हाती नव्हते. जे. चार्ल्स डेलबीक आणि ज्युलियन स्प्रंग यांच्या 1994 च्या ग्रंथाने बर्लिनची पद्धत इंग्रजी वाचणाऱ्यांपर्यंत नीट पोचवली.

मोजण्याची सोयही आता घरात आली होती, आणि तिचा माग कापडधंद्यात लागतो. 1935 च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ फर्डिनांड म्युन्झ यांनी ईडीटीए हे संयुग तयार केले. रंगाईच्या वेळी जड पाण्यातला चुना कापडाला डाग पाडे, तो धरून ठेवण्यासाठी. चाळीसच्या दशकात झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी त्याच संयुगाने कॅल्शियम मोजण्याची रीत बसवली: थेंबथेंब ईडीटीए टाका, सगळे कॅल्शियम पकडले गेले की सूचकाचा रंग पालटतो. त्याआधी कॅल्शियम मोजायचे म्हणजे त्याचा साका गाळून, वाळवून, तोलायला लागे. आज रीफ टँकवाला स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाच मिनिटांत करतो ती चाचणी श्वार्झेनबाखांच्याच रीतीची.

गॉसचा शिंपला विरघळला

बर्लिन पद्धत यशस्वी झाली आणि तिच्या यशातच तिची मर्यादा दिसली. 400 लिटरचा, फांदेदार प्रवाळांनी भरलेला टँक घ्या. त्याची अल्कलिनिटी दिवसाला 1 डिग्रीने उतरत असेल, तर प्रवाळ रोज सुमारे 7 ग्रॅम, महिन्याला 200 ग्रॅमहून अधिक कॅल्शियम कार्बोनेट बांधत असतात. संपृक्त निवळीच्या एका लिटरमधून सव्वादोन ग्रॅमच्या आसपास कार्बोनेट मिळते, म्हणजे रोज तीन लिटरहून थोडी अधिक निवळी. तेवढे पाणी वाफेने उडत असेल तर जमले. प्रवाळ वाढून खप दुप्पट झाला की निवळी मुरवायला टँकमध्ये जागाच उरत नाही, कारण चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो.

नव्वदच्या दशकात जर्मनीतून उत्तर आले: कॅल्शियम रिॲक्टर. बंद नळकांड्यात प्रवाळाचे तुकडे भरायचे, टँकचे पाणी त्यातून फिरवायचे आणि कार्बन डायऑक्साइड सोडून आतला पीएच 6.5 च्या आसपास उतरवायचा. त्या आम्ल पाण्यात तुकडे विरघळतात आणि कॅल्शियम-बायकार्बोनेटने भरलेले पाणी थेंबथेंब टँकमध्ये परत येते. पावसाचे पाणी डोंगरावर जे करते तेच. 1854 मध्ये गॉसने तळाशी टाकलेल्या शिंपल्याकडून जी अपेक्षा केली होती, ती अखेर पुरी झाली. त्याच्या कृतीत फक्त आम्लाची उणीव होती. शिवाय जुन्या प्रवाळाच्या तुकड्यांतून मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियमही त्यांच्या मूळ प्रमाणात परत येतात.

दुसरे उत्तरही जर्मनच. हान्स-वेर्नर बालिंग या रसायनशास्त्रज्ञाने दोन घटक दोन वेगळ्या द्रावणांतून द्यायची पद्धत बांधली: एकात कॅल्शियम क्लोराइड, दुसऱ्यात खाण्याचा सोडा. दोन्ही सहज आणि भरपूर विरघळतात, त्यामुळे खप कितीही असो, थोड्या द्रावणात भागते. मात्र इथे मागे काहीतरी उरते. प्रवाळ कॅल्शियम आणि कार्बोनेट घेतो. सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे साधे मीठ, पाण्यात साचत जाते. त्याचा तोल राखण्यासाठी बालिंगने तिसरे द्रावण ठरवले: समुद्रातले बाकीचे सगळे क्षार, फक्त साधे मीठ वगळून. वाढलेला खारटपणा मग पाणी बदलून उतरवायचा, आणि डिटमारने दाखवलेले प्रमाण अढळ राहते.

अमेरिकेत दोन बाटल्यांचे तयार संच बाजारात आले, पण मोठ्या टँकला ते महाग पडत. रँडी होम्स-फार्ली या रसायनशास्त्रज्ञाने घरी करता येईल अशी कृती मोकळेपणाने छापून दिली. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला विकले जाणारे कॅल्शियम क्लोराइड आणि किराणा दुकानातला खाण्याचा सोडा. पीएच वाढवायचा असेल तर सोडा ओव्हनमध्ये भाजून धुण्याचा सोडा करून घ्यायचा, कारण भाजताना त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जाते. हेच होम्स-फार्ली किडनीच्या रुग्णांच्या रक्तातले फॉस्फेट उतरवणाऱ्या सेव्हेलॅमर या औषधाच्या शोधकर्त्यांपैकी एक. अशा माणसाने कोणताही आडपडदा न ठेवता प्रत्येक कृतीमागचे रसायन सामान्य हौशी वाचकाला वर्षानुवर्षे समजावून सांगितले. या विद्येवर कोणाची मक्तेदारी राहिली नाही, यात त्यांचा वाटा मोठा आहे.

पेटीतून पुन्हा समुद्रात

ही कथा हौशी लोकांपाशी थांबत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात बायोस्फिअर 2 नावाची काचेची प्रचंड इमारत आहे. तिच्यात सुमारे 26 लाख लिटरचा समुद्र आणि त्यात प्रवाळांची वसाहत. 1991 ते 1993 या काळात आठ माणसे आत बंद राहिली तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड खूप वाढला, आणि समुद्राचा पीएच सावरण्यासाठी त्यात सोड्याचे क्षार घालावे लागले. पुढे ख्रिस लँगडन आणि सहकाऱ्यांनी तिथेच महत्त्वाचा प्रयोग केला. त्यांनी खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड घालून पाण्याची संपृक्तता कमी-जास्त केली आणि प्रवाळांची वसाहत किती वेगाने चुना बांधते ते मोजले. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्वच्छ होता: संपृक्तता उतरली की बांधणी मंदावते. ती तीन रसायने कोणाही रीफ टँकवाल्याच्या कपाटातली.

हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतो आणि कार्बोनेट कमी करतो. औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत समुद्राच्या वरच्या पाण्याचा पीएच सरासरी 0.1 ने उतरला आहे. आकडा लहान दिसतो, पण पीएचच्या मोजपट्टीवर तो आम्लतेतली जवळपास 30 टक्क्यांची वाढ सांगतो. 2016 मध्ये रिबेका ऑलब्राइट आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या वन ट्री बेटाजवळ खऱ्या प्रवाळभिंतीवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. भिंतीवरून वाहणाऱ्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड सोडून त्यांनी त्याची रसायनस्थिती औद्योगिक काळापूर्वीच्या जवळ नेली. चुना बांधण्याचा वेग सुमारे 7 टक्क्यांनी वाढला. टँकमध्ये आपण रोज जे करतो ते प्रथमच समुद्रावर करून पाहिले गेले, आणि समुद्राने तसेच उत्तर दिले.

साऱ्या महासागराची अल्कलिनिटी वाढवून हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायचा, असा प्रस्ताव हारून खेश्गी यांनी 1995 मध्येच मांडला होता. त्यात चुन्याचाही विचार होता. आता त्यावर देशोदेशी गांभीर्याने काम चालू आहे. टँकचा अनुभव इथे सावध करतो. चुनखडी भाजून चुना करताना ब्लॅकने ओळखलेला तोच वायू हवेत जातो. तो पकडून ठेवला नाही तर लाभाचा मोठा भाग तिथेच गमावतो. घाईने ओतलेला चुना साका होऊन बसतो, हे प्रत्येक टँकवाला जाणतो. आणि टँकची मात्रा रोज मोजून, रोज थोडी, कधीही न थांबता द्यावी लागते. ज्या समुद्राला आजवर नद्या आणि डोंगर पुरे पडत होते, त्याच्यासाठी माणसाने हे काम अंगावर घेणे फार अवघड आहे. कार्बन डायऑक्साइड सोडणे आवरणे हाच त्यातला स्वस्त उपाय.

आपल्याकडे या विद्येची गरज दोन ठिकाणी आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या, 1987 पासून सागरी अभयारण्य असलेल्या मालवणच्या पाण्यात दगडी प्रवाळ आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभूमी आहे. 2001 पासून भारतातल्या दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे वरच्या श्रेणीचे संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे गुन्हा आहे, आणि तसेच असायला हवे. पण पाण्याचे कॅल्शियम, अल्कलिनिटी, मॅग्नेशियम आठवड्यामागून आठवडे मोजत राहण्याची शिस्त आणि त्या आकड्यांचा अर्थ लावण्याची हातोटी आज मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांपाशी आहे. मालवणच्या पाण्याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवायला हीच शिस्त लागते. मत्स्यालये, कोकणातली महाविद्यालये आणि ही हौशी मंडळी एकत्र आली तर शाळेतल्या निवळीच्या प्रयोगाइतक्या सोप्या साधनांनी हे काम उभे राहू शकते. त्याची सुरुवात सरकारी आदेशाची वाट न पाहता करता येईल, कारण समुद्राचे पाणी बाटलीत भरून त्याची अल्कलिनिटी मोजायला मोठी सामग्री लागत नाही.